बोर्ड चालू होत नाही? आधी बूट पार्टिशनची फाइल सिस्टिम बघा

मागच्या मे महिन्यात पुतणीने रास्पबेरी पाय 4 हा एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक घेतला. 64 जीबीचं नवं मेमरी कार्ड तिने लॅपटॉपला लावून फॉरमॅट केलं, मैत्रिणीच्या चालू कार्डावर दिसणाऱ्या बूटच्या (संगणक सुरू करणाऱ्या) सगळ्या फाइली त्यावर उतरवल्या, कार्ड बोर्डात सरकवलं आणि वीज दिली. लाल दिवा लागला, पुढे काहीच नाही. पडद्यावर बघायची सोय नव्हती, कारण या बोर्डाला मायक्रो एचडीएमआयची केबल लागते आणि ती घरात नव्हती. बोर्ड खराब निघाला असं समजून ती तो परत करायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, खोलीतली ट्यूब बंद कर आणि बोर्डावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बस. तिने वहीत पेन्सिलीने रेघा ओढल्या. लांब, लांब, छोटी. जरा थांबून पुन्हा लांब, लांब, छोटी. "काका, दर वेळी दोन मोठे आणि एक छोटा."

पाय 4 वर या खुणेचा अर्थ ठरलेला आहे: पार्टिशन फॅट नाही. पार्टिशन म्हणजे कार्डाचा आखलेला एक भाग, त्यावर फाइली मांडायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम, आणि फॅट ही त्यातलीच एक जुनी पद्धत.

बोर्ड ठणठणीत होता आणि कार्डही. विंडोजने 64 जीबीचं कार्ड बघून ते एक्सफॅट या वेगळ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलं होतं, आणि बोर्डाला एक्सफॅट वाचता येत नाही. सिंगल-बोर्ड संगणक पहिल्यांदा हाताळणाऱ्या किती जणांचा उत्साह या एका गोष्टीपायी मावळतो, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे. म्हणून सगळं नीट, एकेक पायरी करून लिहितो. कमांडा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत करा.

पायरी 1: कार्ड सगळ्यात आधी कोण वाचतं, ते ठरवा

कार्डावर लिनक्स टाकायचं म्हणजे लिनक्सला जी फाइल सिस्टिम चालते ती चालेल, असं आपण धरून चालतो. चूक इथेच होते. वीज दिल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत लिनक्स अजून उठलेलंच नसतं. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. कार्डावरचा पुढचा टप्पा त्याला सापडला तरच काम पुढे सरकतं. त्याला जेवढं शिकवून पाठवलंय तेवढंच येतं आणि नंतर त्यात काही भर घालता येत नाही. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये एक्सफॅटचा तपशील जाहीर केला, 2020 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) 5.7 आवृत्तीत तिचा चांगला ड्रायव्हरही आला. पण 2012 सालच्या पहिल्या पायच्या चिपला त्याचा काय उपयोग? ती आहे तशीच आहे.

रास्पबेरी पायवर सुरुवात मुख्य प्रोसेसरपासून होत नाही, चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागापासून होते. पाय 3 आणि त्याआधीच्या बोर्डांत बूट रॉम स्वतःच कार्डावरचं फॅट पार्टिशन उघडून बूटकोड डॉट बिन ही फाइल शोधतो. ती स्टार्ट डॉट ईएलएफ उचलते, मग कॉन्फिग डॉट टीएक्सटी वाचली जाते आणि शेवटी कर्नलची पाळी येते. 2019 च्या पाय 4 मध्ये बूटकोडचं काम बोर्डावरच्याच एका छोट्या ईईप्रॉम (पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीच्या) चिपमध्ये गेलं, आणि 2023 च्या पाय 5 मध्ये स्टार्ट फाइलही त्याच चिपमध्ये गेली. ईईप्रॉममधला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, नवा करता येतो, हे मोठंच सुख. पण पार्टिशनच्या बाबतीत अट जुनीच राहिली: फॅट12, फॅट16 किंवा फॅट32. तुमच्यासाठी याचा अर्थ फॅट32.

पायरी 2: फाइली कॉपी करू नका, इमेज लिहा

एसडी कार्डांची विभागणी अशी आहे: 4 ते 32 जीबीची कार्डं एसडीएचसी, ती फॅट32 मध्ये येतात, 32 जीबीच्या वरची, 2 टीबीपर्यंतची एसडीएक्ससी, ती एक्सफॅटमध्ये येतात. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत मोठ्या कार्डाला फॅट32 चा पर्यायच दिसत नाही. एसडी असोसिएशनचा फॉरमॅटरही नियमाला धरून 64 जीबीचं कार्ड एक्सफॅटच करतो. त्यामुळे माणूस बुचकळ्यात पडतो आणि कुठकुठली फॉरमॅट करणारी सॉफ्टवेअरं उतरवत बसतो.

खरं तर फॉरमॅट करायची गरजच नाही. रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर हा प्रोग्राम कार्डावर फाइली ठेवत नाही, तो पूर्ण इमेज लिहितो: पार्टिशनची यादी, छोटं फॅट32 पार्टिशन, मोठं ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन, सगळं जसंच्या तसं. आधी कार्डावर एक्सफॅट होतं की आणखी काही, ते पुसलंच जातं. इमेजरमध्ये बोर्ड निवडा, ऑपरेटिंग सिस्टिम निवडा, मग कार्ड निवडा. कार्ड निवडताना आकडा वाचा. 64 जीबीच्या कार्डासमोर साधारण 59 ते 64 च्या दरम्यानचा आकडा दिसायला हवा. तिथे 500 किंवा 1000 दिसत असेल तर ती तुमची बाहेरची हार्ड डिस्क आहे, आणि बटण दाबलं की तिच्यावरचे फोटो गेले. लिहून झाल्यावर इमेजर पडताळणी करतो. त्याला लागतो तो वेळ लागू द्या, मधेच कार्ड ओढू नका. हलक्या कार्डाचा दोष बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

पायरी 3: विंडोज "फॉरमॅट करू का?" विचारेल, तेव्हा नाही म्हणा

या पायरीवर मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त कार्डं इथेच वाया जातात.

लिहिलेलं कार्ड पुन्हा विंडोजच्या लॅपटॉपला लावलं की दोन गोष्टी होतात. एक, बूटएफएस नावाची जेमतेम अर्ध्या जीबीची ड्राइव्ह दिसते. दोन, एक सूचना उघडते: अमुक ड्राइव्ह वापरण्याआधी ती फॉरमॅट करणं गरजेचं आहे, करू का? नवख्या माणसाला वाटतं, 64 जीबीचं कार्ड अर्ध्या जीबीचं झालं आणि उरलेलं बिघडलं, म्हणून विंडोज दुरुस्त करून देतंय. तो हो म्हणतो.

प्रत्यक्षात ते "बिघडलेलं" पार्टिशन म्हणजे रूटएफएस, तुमची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. ती ईएक्सटी4 मध्ये असते, विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते फॉरमॅट करण्याचा प्रस्ताव विंडोज ठेवतं. त्यात कार्डाचा काही दोष नाही. रद्द करा, खिडकी बंद करा, पुन्हा आली तर पुन्हा रद्द करा. बूटएफएस ड्राइव्हमध्ये कॉन्फिग डॉट टीएक्सटी बदलायची असेल तर बदला आणि कार्ड इजेक्ट करून काढा.

इथेच एक लहानसा सापळा आहे. विंडोज फाइलींच्या नावाची शेपटी लपवतं. तुम्ही कॉन्फिग डॉट टीएक्सटी नावाने नवी फाइल साठवता आणि ती खरी कॉन्फिग डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी झालेली असते. बोर्ड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाइलींच्या शेपट्या आधी दाखवायला लावा.

पायरी 4: कार्डावर खरंच काय आहे ते डोळ्यांनी बघा

जवळ लिनक्सचं कुठलंही मशीन असेल तर अंदाज बांधायची वेळ येत नाही. कार्ड लावा, टर्मिनल उघडा आणि एलएसबीएलके ही कमांड वजा एफ लावून द्या. प्रत्येक पार्टिशनसमोर फाइल सिस्टिमचं नाव, लेबल आणि ओळखक्रमांक येतो. निरोगी पाय कार्डावर पहिल्या ओळीत व्हीफॅट (फॅटचंच लिनक्समधलं नाव) आणि बूटएफएस, दुसरीत ईएक्सटी4 आणि रूटएफएस दिसेल. पहिल्या ओळीत एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी4 असेल, किंवा पार्टिशनच एक असेल, तर दोष सापडला.

मग सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून एफडिस्क वजा एल द्या. इथे पार्टिशनचा प्रकार दिसतो. फाइल सिस्टिम आणि पार्टिशनचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्कं करा. प्रकार म्हणजे पार्टिशनच्या यादीत लिहिलेला एक आकडा, दारावरच्या पाटीसारखा. आत फॅट32 असून पाटीवर लिनक्सचा 83 असेल तर आपल्या लिनक्सला फरक पडत नाही, पण साधा बूट रॉम पाटी वाचूनच मागे फिरू शकतो. बूट पार्टिशनवर सी हा प्रकार हवा. एफडिस्क त्याला डब्ल्यू95 फॅट32 एलबीए म्हणतं. त्यातला 95 म्हणजे विंडोज 95 च. फॅट32 ही 1996 मध्ये त्याच्याच सुधारित आवृत्तीबरोबर आली, आणि आजच्या पाय 5 च्या कार्डावरही ती पाटी तशीच आहे.

पार्टिशनची यादी कुठल्या पद्धतीची आहे तेही तिथेच दिसतं. डॉस लिहिलं असेल तर ती जुनी एमबीआर, नाहीतर जीपीटी. पाय 4 आणि 5 चा आजचा बूटलोडर दोन्ही वाचतो. पाय 3 आणि त्याआधीच्या बोर्डांसाठी एमबीआरच ठेवा.

पायरी 5: बूट पार्टिशन नव्याने बनवायचं असेल तर

ऑपरेटिंग सिस्टिम शाबूत आहे आणि फक्त बूट पार्टिशन बिघडलंय, असं झालं तर पूर्ण कार्ड पुसायची गरज नाही. कार्ड रीडरमध्ये कार्डाचं नाव बहुधा एसडीबी असतं, लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत एमएमसीबीएलके0. तुमचं नाव पायरी 4 मध्ये बघून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. एका अक्षराच्या चुकीने लॅपटॉपची डिस्क पुसली जाते.

वाचता येत असतील तेवढ्या फाइली आधी आपल्या मशीनवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. ओव्हरलेज हा उपफोल्डरही विसरू नका. मग पार्टिशन अनमाउंट करा, म्हणजे सिस्टिमपासून सोडवा. आता एमकेएफएस डॉट व्हीफॅट ही कमांड द्या: वजा मोठा एफ आणि 32, मग वजा एन आणि बूटएफएस हे लेबल, शेवटी पार्टिशनचा पत्ता. 32 स्पष्ट लिहा, म्हणजे लहान पार्टिशनवर ती कमांड स्वतःच्या मनाने फॅट16 करणार नाही. आता एफडिस्कमध्ये कार्ड उघडून टी, मग 1, मग सी, आणि शेवटी डब्ल्यू. पार्टिशन पुन्हा माउंट करा, फाइली परत उतरवा, सिंक कमांड द्या, ती संपेपर्यंत थांबा, अनमाउंट करा आणि कार्ड काढा.

यात दोन गोष्टी जपा. फॉरमॅट केल्यावर फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक बदलतो. रास्पबेरी पाय ओएस कमांडलाइन डॉट टीएक्सटी आणि एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याच्या यादीत) पार्टयूयूआयडी हा पार्टिशनचा ओळखक्रमांक वापरते, तो पार्टिशनच्या यादीशी बांधलेला असतो, म्हणून फॉरमॅटनंतरही टिकतो. पण यादीच नव्याने बनवली तर तोही बदलतो, आणि कर्नल चालू होऊन रूट पार्टिशनची वाट बघत बसतं. उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) लेबलावरून ओळखतं. तिथे बूट पार्टिशनचं लेबल सिस्टिम-बूट असंच हवं.

दुसरी, मूळ फाइली गेल्या म्हणून कुठल्याही इमेजमधल्या बूट फाइली आणून टाकल्या तर बोर्ड चालू होईल, पण वायफाय गायब असेल. कर्नल एका आवृत्तीचं आणि रूट पार्टिशनवरचे ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचे, असा तो गोंधळ असतो. रूट पार्टिशनवर लिब, त्यात मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाचे फोल्डर दिसतात. त्यांच्याशी जुळणारं कर्नल आणा.

बोर्ड पाय नसेल तर

ऑरेंज पाय, नॅनो पाय, रॉक, बीगलबोन या बोर्डांवर चित्र वेगळं आहे. पायच्या सवयीने कुणी ऑरेंज पायच्या कार्डावर फॅट32 पार्टिशन करून त्यात फाइली टाकतो आणि दिवसभर डोकं धरून बसतो.

यांतल्या बऱ्याच बोर्डांवर ऑलविनर किंवा रॉकचिप कंपनीची चिप असते. ऑलविनर चिपचा बूट रॉम फाइल सिस्टिम वाचतच नाही. तो कार्डाच्या सुरुवातीपासून 8 केबीवर जातो आणि तिथे जे असेल ते उचलतो. तिथे यू-बूट या बूटलोडरचा पहिला तुकडा हवा. रॉकचिपमध्ये ती जागा 32 केबीवर आहे, म्हणजे 64 वा सेक्टर (सेक्टर म्हणजे 512 बाइटचा तुकडा), आणि यू-बूटचा मोठा भाग 8 एमबीवर. या जागा कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाहीत, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत, म्हणून सहज पुसल्या जातात. रॉकचिपच्या कार्डावर पहिलं पार्टिशन 16 एमबीपासून सुरू करायचं ते यासाठी. एफडिस्क सुचवतं तसं 1 एमबीपासून केलंत तर फाइल सिस्टिम यू-बूटवरच बसेल. ऑलविनरवर जीपीटीची वेगळी अडचण आहे. जीपीटीची यादी 33 व्या सेक्टरपर्यंत पसरते आणि 8 केबी म्हणजे 16 वा सेक्टर, नेमका तिच्या मधोमध. एच3 आणि त्यानंतरच्या चिपा 128 केबीवरही शोधतात, तिथे यू-बूट ठेवला की दोघंही सुखाने राहतात. जुन्या चिपांवर एमबीआरच बरी.

बीगलबोन ब्लॅकची चिप दोन्ही रीतींनी शोधते: कार्डावरच्या ठरलेल्या जागांवर, किंवा फॅट पार्टिशनमध्ये एमएलओ नावाच्या फाइलीत. हे नाव मोठ्या अक्षरांत लिहितात. फॅटची रीत वापरलीत तर ते पार्टिशन प्राथमिक असायला हवं आणि त्यावर ॲक्टिव्ह खूणही हवी. एफडिस्कमध्ये ए दाबून ती लागते. लोक नेमकी तीच विसरतात.

यू-बूट एकदा उठला की तो फॅट आणि ईएक्सटी4 दोन्ही वाचू शकतो. म्हणूनच आर्मबियनच्या (अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सच्या) बऱ्याच इमेजांमध्ये एकच ईएक्सटी4 पार्टिशन असतं आणि बूट हा त्यातला साधा फोल्डर. पण ईएक्सटी4 म्हटलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. ईटूएफएसप्रॉग्स या ईएक्सटी4 च्या साधनांच्या पॅकेजच्या 2016 मधल्या 1.43 आवृत्तीपासून एमकेएफएस डॉट ईएक्सटी4 आपणहून 64बिट आणि मेटाडेटा-सीसम या दोन सोयी चालू ठेवतं. 64बिटमुळे ब्लॉकांच्या गटांची नोंद 32 ऐवजी 64 बाइटची होते. त्याआधीचा यू-बूट 32 च्या हिशोबाने वाचत जातो, दुसऱ्याच नोंदीपासून त्याचा हिशोब चुकतो आणि समोर असलेली फाइलही त्याला सापडत नाही. तुमचा लॅपटॉप मात्र तेच कार्ड बिनतक्रार उघडतो, त्यामुळे संशय कधी फाइल सिस्टिमवर जातच नाही. जुन्या यू-बूटच्या बोर्डासाठी पार्टिशन करताना एमकेएफएस डॉट ईएक्सटी4 ला वजा मोठा ओ लावून या दोन्ही नावांआधी टोपीचं चिन्ह (^) द्या, म्हणजे त्या बंद होतील. आधीच्या पार्टिशनवर काय चालू आहे ते ट्यून2एफएस वजा एल दाखवतं.

आरके3399 या रॉकचिपच्या चिपच्या बोर्डांवर आणखी एक गोष्ट आहे. ही चिप आधी एसपीआय फ्लॅश ही छोटी मेमरी बघते, मग ईएमएमसी ही बोर्डावरची साठवण, आणि मग कार्ड. ईएमएमसीवर जुना यू-बूट पडलेला असेल तर नव्या कार्डावरचा नवा यू-बूट चालतच नाही. जुनाच उठतो आणि नवं ईएक्सटी4 वाचायला जातो. मी अशा एका बोर्डावर चार वेळा कार्ड नव्याने लिहिलं होतं. मग यूएसबी-टीटीएलची (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर वाचायची) तार जोडून यू-बूटचा संदेश वाचला, त्यात आवृत्तीची तारीख कितीतरी वर्षं जुनी निघाली, आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. ती तार घ्याच. 3.3 व्होल्टची घ्या, ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स एवढंच जोडा, 5 व्होल्टची लाल तार मोकळी सोडा. बहुतेक बोर्डांना 115200 चा वेग चालतो, रॉकचिपला बहुधा 15 लाख लागतो.

चालू झाल्यानंतर

फॅटला लिनक्सची सगळी रीत येत नाही. तिच्यात सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) नाही, हार्डलिंक (एकाच फाइलीचं दुसरं नाव) नाही, फाइलींच्या मालकीची नोंद नाही. डीपीकेजी हे पॅकेजं बसवणारं साधन जुनी फाइल बदलताना आधी तिची हार्डलिंक करून ठेवू बघतं. सबंध बूट फोल्डर फॅटवर असला आणि कर्नलचं पॅकेज थेट तिथे फाइली टाकणारं असलं, तर अपडेट मधेच थांबतं आणि बॅकअप लिंक करता आली नाही असा संदेश येतो. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म या आवृत्तीत म्हणूनच बूट फोल्डर ईएक्सटी4 वर गेला आणि फॅट पार्टिशन त्याच्या आत, फर्मवेअर या फोल्डरवर माउंट होऊ लागलं. त्याआधीच्या बुलसआय आवृत्तीसाठी लिहिलेली माहिती वाचून तुम्ही बूटमधली कॉन्फिग डॉट टीएक्सटी बदललीत आणि फरक पडला नाही, तर कारण हे. खरी फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअरमध्ये आहे. बुकवर्ममध्ये हे पार्टिशन 256 वरून 512 एमबीचं झालं. जुनं कार्ड तसंच अपग्रेड करत आणलं असेल तर तिथली जागा आधी तपासा.

फॅटमध्ये जर्नल नाही, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट काम सावरायची सोय नाही. अपडेट चालू असताना वीज गेली, तर ईएक्सटी4 चा रूट बहुधा सावरतो पण कर्नलची फाइल अर्धी राहते. दिवा सात वेळा छोटा लुकलुकला तर कर्नल सापडलं नाही, चार वेळा लुकलुकला तर स्टार्टची फाइल सापडली नाही, दोन मोठे दोन छोटे म्हणजे पार्टिशन वाचता आलं नाही. अशा कार्डावर दुसऱ्या मशीनवरून, पार्टिशन अनमाउंट ठेवून, एफएससीके डॉट व्हीफॅट वजा ए चालवा. एफएससीके0000 डॉट आरईसी अशा नावाच्या फाइली नंतर दिसल्या, तर ते हरवलेले तुकडे आहेत. त्यांच्यावर वेळ घालवू नका, मूळ फाइली परत आणा.

त्यासाठी त्या आधी कुठेतरी ठेवलेल्या असाव्या लागतात. बोर्ड पहिल्यांदा नीट चालू झाला की त्याच दिवशी बंद करा, कार्ड काढा आणि बूट पार्टिशनमधल्या सगळ्या फाइली लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवा. फोल्डरच्या नावात तारीख आणि कर्नलची आवृत्ती लिहा. पुतणीने तिच्या फोल्डरमध्ये पेन्सिलीच्या रेघांच्या त्या पानाचा फोटोही ठेवला आहे.